‘मॅडम, परदेशातली पार्टी मिळंल काय?’

महिन्याला दोन-तीन फोन तरी असे येतातच. पोरगा विद्यापीठात शिकणारा असो, नाहीतर मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिकेच्या सेटवर असिस्टंट असो, पहिलं वाक्य ठरलेलं. ‘मॅडम, स्क्रिप्ट तयार हाय. परदेशातली पार्टी मिळंल काय?’

पार्टी म्हणजे पैसेवाला. आपल्याकडे निर्माता म्हटलं की हाच माणूस डोळ्यांसमोर येतो. कुणी बिल्डर, कुणी कारखान्याचा संचालक, कुणी रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे घेऊन आलेला हौशी मामा. तो पैसे घालतो, मुहूर्ताला नारळ फोडतो आणि पोस्टरवर हात जोडून उभा राहतो. अशा पार्ट्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं प्रॉडक्शन सांभाळलं. जेवणाची ताटं मोजली, जनरेटरचं डिझेल मोजलं, ज्युनिअर आर्टिस्टांच्या सह्या घेतल्या. निर्मिती म्हणजे एवढंच, अशी माझीही समजूत होती.

खरं तर कोल्हापुरानं तरी असं समजू नये. १ जून १९२९ला इथं प्रभात सुरू झाली तेव्हा भागीदार पाच होते, आणि पैसा घालणारे सराफ सीतारामपंत कुलकर्णी हे त्या पाचातले एक. बाकीच्या चौघांनी हातातली कला आणली होती. आज युरोपात आणि आशियात ज्याला सहनिर्मिती म्हणतात तिचा गाभा यापेक्षा फार वेगळा नाही. प्रत्येकजण काहीतरी घेऊन येतो, कोण काय आणतोय ते कागदावर असतं, आणि पैसा ही त्यातली एक बाजू असते. हे सगळं जुळवून आणतो तो निर्माता. हे काम शिकवण्याच्या जागा आहेत आणि तिथं कोल्हापूरच्या माणसालाही प्रवेश मिळतो. कसा, ते सांगते. मला दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा नकाराबद्दलही थोडं सांगता येईल.

जागा कोणत्या

आशिया आणि युरोपातल्या निर्मात्यांना मुद्दाम एकत्र बसवणारा कार्यक्रम म्हणजे ‘टाइज दॅट बाइंड’. लक्झेंबर्गची ईव्ह ही संस्था १९८८पासून युरोपातल्या निर्मात्यांना शिकवते. ती, इटलीतल्या उदिने गावचा फार ईस्ट फिल्म फेस्टिव्हल आणि सिंगापूरचे लोक मिळून हा कार्यक्रम चालवत आले आहेत. पाच निर्माते आशियाचे, पाच युरोपचे, प्रत्येकाकडे एक-एक प्रोजेक्ट. एक आठवडा वसंतात उदिनेला, दुसरा वर्षाच्या शेवटी सिंगापूरला. मधल्या सात-आठ महिन्यांत घरी बसून प्रोजेक्ट पुढं न्यायचा. उदिने हे काही रोम-मिलानसारखं शहर नव्हे. म्हणूनच बरं. सकाळ-संध्याकाळ तेच दहा चेहरे समोर असतात.

रॉटरडॅमच्या महोत्सवात नव्या निर्मात्यांसाठी रॉटरडॅम लॅब असते. फ्रान्समधल्या नाँत शहराचा तीन खंडांचा महोत्सव २०००पासून ‘प्रोद्युइर ओ स्यूद’ भरवतो. तिथं दिग्दर्शक आणि निर्माता जोडीनं जातात, त्यामुळं तुमचं आपसांत पटत नसेल तर ते तिथंच उघडं पडतं. बर्लिनला बर्लिनाले टॅलेंट्स आहे, बुसानला एशियन प्रोजेक्ट मार्केट आहे. ही नावं वाचून हुरळून जाऊ नका. कोल्हापूरच्या माणसानं आधी जायची जागा पणजी आहे.

एनएफडीसी ही केंद्र सरकारची चित्रपट संस्था. प्रोजेक्ट आणि निर्माते यांची गाठ घालून देणारा तिचा फिल्म बझार २००७पासून तिथं भरतो, इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या दिवसांत, नोव्हेंबरमध्ये. आता त्याच्या नावाआधी ‘वेव्हज’ लागलंय. पणजी आपल्याला पुण्याइतकीच लांब. रात्री बसमध्ये बसलं की सकाळी मांडवीच्या पुलावर. पहिल्या वर्षी प्रोजेक्ट निवडला जाईल ही आशाच धरू नका. नुसते प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवा आणि चार दिवस बघा. मीही पहिल्या वर्षी कुणाला काही विकायला गेले नाही. मडगावला मावशीकडं राहिले, रोज बसनं ये-जा केली. लोक उभं कसं राहतात, दुसऱ्याचं बोलणं तोडतात कसं, कार्ड कधी देतात, एवढंच पाहिलं. व्याख्यानांना गर्दी असते तेव्हा चहाच्या टेबलाशी जागा मोकळी असते, हेही तिथंच कळलं.

कागद आधी

माझा प्रोजेक्ट गुऱ्हाळावरचा आहे. करवीर तालुक्यातला एक म्हातारा गुळव्या, त्याची नजर जात चाललीय. काहिलीतला पाक उतरवायची वेळ तो आता डोळ्यांनी नाही, आवाजावरून ओळखतो. पाक कच्चा असताना रस खळखळतो. घट्ट होत आला की बुडबुडे जड होतात, फुटताना ‘फट्’ न होता ‘बुळुक्’ असा आवाज येतो. मुलाला थर्मामीटर लावायचंय. दोघांत एवढंच भांडण.

गोष्ट माझी नाही. आमच्या भागातल्या एका दिवंगत लेखकाच्या कथेवरून घेतलीय. त्यांच्या मुलाला भेटले तर ते म्हणाले, ‘घ्या की. आण्णांचं नाव राहील.’ चहा झाला, पोहे झाले, पाया पडून परत आले. मला वाटलं, हक्क मिळाले.

पहिल्याच कार्यशाळेत शिकवणाऱ्या बाईंनी दहाही जणांना एकच प्रश्न विचारला. ‘गोष्ट तुमची आहे याचा कागद दाखवा.’ माझ्याकडे कागद नव्हता, व्हॉट्सअॅपवर एक अंगठा होता. बाईंनी तो मोबाइल हातात घेऊन नीट पाहिला, परत दिला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘मग अजून तुझ्याकडं प्रोजेक्टच नाही.’ परत आल्यावर कळलं की त्या लेखकाला दोन मुलीही आहेत. एक निपाणीला, एक ठाण्याला. ठाण्याच्या ताईंना तर कुणी विचारलंच नव्हतं आणि त्याचा राग त्यांनी माझ्यावर चांगला तासभर काढला.

म्हणून हे नीट वाचा. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडं राहतात. सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. करारात मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. म्हणजे तुम्ही फ्रान्सच्या निर्मात्यासमोर बसलाय आणि फ्रान्समध्ये दाखवायचा हक्कच तुमच्याकडं नाही! शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तोही जातो, करारात वेगळं ठरवलं नसेल तर. सिनेमा वर्षात होत नाही. तेव्हा मुदत, प्रदेश, भाषा आणि ‘वर्षाची अट लागू नाही’ हे चारही स्पष्ट लिहून घ्या. सगळे पैसे एकदम द्यायची ऐपत नसेल तर ऑप्शन घ्या. थोडी रक्कम देऊन दोन वर्षांसाठी गोष्ट राखून ठेवायची, शूटिंग ठरलं की उरलेली द्यायची. वकिलाची फी लागेल. चालतं. फ्लेक्सवर उडवता त्यापेक्षा कमीच लागते.

दिग्दर्शक तुमचा जिगरी असला तरी त्याच्याशीही करार करा. मित्र आहे म्हणून तर आधी करा.

परदेश कशाला?

अर्जात हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत चार वेळा असतो. ‘पैसे कमी पडतात म्हणून’ हे उत्तर खरं असलं तरी तिथं चालत नाही.

२०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दिसल्या आणि आपल्याकडं गदारोळ झाला, आठवत असेल. त्यानंतर दोन महिन्यांत चपलेवरच्या चार गोष्टी माझ्याकडं आल्या. चारही गोष्टींत शेवटी कारागीर इटलीला जातो. का जातो? तर इटलीची पार्टी मिळावी म्हणून. वाचणाऱ्याला हे दुसऱ्या पानावर कळतं. पेपरातली बातमी आणि सिनेमाची गरज या वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या बाबतीत कारण आवाजात सापडलं. अख्खा सिनेमा आवाजावर उभा आहे, म्हणजे साउंड डिझाइन आणि मिक्सिंगवर मोठा खर्च. ते काम फ्रान्समध्ये केलं तर फ्रान्सचा निर्माता त्याच्या देशाच्या फंडाकडं जाऊ शकतो, कारण पैसा त्याच्याच स्टुडिओत खर्च होणार. हे लक्षात घ्या. युरोपातला बराच सरकारी पैसा ‘आमच्याकडं खर्च करा’ या अटीवर येतो. अपवादही आहेत. जर्मनीचा वर्ल्ड सिनेमा फंड घ्या. त्याला जर्मन निर्माता लागतो, पण पैसा खर्च करायचा तो सिनेमा जिथला आहे त्या प्रदेशात. रॉटरडॅमचा ह्यूबर्ट बाल्स फंड पटकथेच्या टप्प्याला दहा हजार युरो देतो, तेव्हा परदेशी भागीदार हातात नसला तरी चालतो. त्यामुळं कोणत्या टप्प्याला कोणतं दार ठोठवायचं, हे आधी एका वहीत लिहून काढा.

भारताचे इटली, जर्मनी, फ्रान्स, पोलंड, स्पेन, दक्षिण कोरिया अशा बऱ्याच देशांशी सहनिर्मितीचे करार आहेत. फ्रान्सशी झालेल्या करारात प्रत्येक बाजूचा वाटा किमान वीस टक्के लागतो. कराराखाली मान्यता मिळाली की सिनेमा दोन्ही देशांचा ठरतो. मान्यतेचा अर्ज शूटिंगच्या आधी करायचा. पॅकअप झाल्यावर ‘आता सहनिर्मिती दाखवूया’ म्हणणारे मला दोघे भेटलेत. अशा मान्यताप्राप्त सिनेमाला भारतातल्या पात्र खर्चाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत, कमाल तीस कोटी, परतावा केंद्र सरकार देतं. तिथला शब्द परतावा असा आहे, आगाऊ असा नाही. अटी एनएफडीसीच्या इंडिया सिने हबकडून (पूर्वीचं फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस) समजून घ्या.

पैशाचं पान

पटकथेपेक्षा हे पान जास्त वाचलं जातं. बजेट वेगळं आणि फायनान्स प्लॅन वेगळा. कुठं खर्च होणार ते बजेटमध्ये, कुठून येणार ते प्लॅनमध्ये. आणि प्लॅनमध्ये प्रत्येक रकमेपुढं एक शब्द हवा: मिळाले, ठरले, अर्ज केला, विचार आहे.

माझं बजेट दोन कोटी चाळीस लाखांचं. मी पहिल्यांदा प्लॅनमध्ये राज्य सरकारचं मराठी चित्रपटाचं अनुदान ‘ठरले’ म्हणून लिहिलं होतं. ते अनुदान सिनेमा पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर, दर्जा ठरल्यावर मिळतं. म्हणजे शूटिंगच्या दिवशी हातात शून्य. तो आकडा काढायला लावला तेव्हा मला रडू आलं, कारण प्लॅनमधला सगळ्यात गलेलठ्ठ आकडा तोच होता. वीस टक्क्यांनी फ्रान्सचा वाटा अठ्ठेचाळीस लाख. उरलेले एक कोटी ब्याण्णव लाख इथं उभे करायचे. कोणताही युरोपियन निर्माता आधी एवढंच बघतो की घरच्या माणसांनी तुमच्यावर किती विश्वास टाकलाय. कोल्हापुरातून आलेले पंधरा लाख तिथं पंधरा लाखांहून जास्त बोलतात. तेव्हा त्या बिल्डरला तोडू नका. त्याला सांगा, तू पाचातला एक.

बजेटमध्ये ‘इतर खर्च’ अशी ओळ लिहायची नाही. मी लिहिली होती, अकरा लाख. इतर म्हणजे काय, या प्रश्नावर पाऊण तास गेला.

समोरासमोर

बाजारात भेटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या असतात. टेबलावर नंबर, वेळ झाली की पुढचा माणूस येऊन मागं उभा. माझी पहिली भेट एका डच गृहस्थांशी होती. मी गोष्ट सांगायला लागले ती ऊस तोडणीपासून. चुलवाण कसं पेटवतात, भेंडीचं पाणी घालून मळी कशी काढतात, सगळं. ते मान हलवत होते. मला वाटलं, रंगलेत. घड्याळात पाहिलं तर एकोणीस मिनिटं झाली होती आणि गुळव्या अजून आलाच नव्हता. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, ‘छान. पण तुला माझ्याकडून काय हवंय?’ याचं उत्तर मी पाठच केलं नव्हतं.

आता मी असं करते. गोष्ट तीन मिनिटांत. प्रोजेक्ट कुठवर आलाय ते दोन मिनिटांत: हक्क, पटकथेचा कितवा मसुदा, किती पैसे जमले. मग ‘मला तुमच्याकडून हे हवंय’ असं एक वाक्य. उरलेला वेळ त्यांना बोलू द्यायचं. तुमच्या देशाचा फंड वर्षातून किती वेळा उघडतो, पहिल्या सिनेमाला वेगळी खिडकी आहे का, भारताबरोबर आधी काम केलंय का, त्यात काय बिघडलं? शेवटच्या प्रश्नावर लोक खुलतात. आणि भेटीआधी त्यांचा निदान एक सिनेमा पाहिलेला असावा. सगळ्यांनाच कळतं कुणी पाहिलाय नि कुणी नुसता ट्रेलर पाहिलाय.

सराव रंकाळ्यावर करा. मी धाकट्या भावाला घेऊन कठड्यावर बसायची, तो मोबाइलवर वेळ लावायचा. भेळ खात ऐकायचा आणि कंटाळा आला की खायचा थांबायचा. त्याच्याइतका चांगला परीक्षक मला नंतर कुठंही मिळाला नाही.

इंग्रजीची भीती सगळ्यांना असते, मलाही होती. पण त्या खोलीत थायलंडचा, कोरियाचा, इटलीचा, कुणाचीच ती मातृभाषा नसते. मोडकं चालतं. लांब वाक्य चालत नाही. ‘काहिली’ला इंग्रजी शब्द शोधत बसू नका, काहिलीच म्हणा आणि हातानं आकार दाखवा. माझ्या सिनेमाला तिथं सगळे ‘द काहिली फिल्म’ म्हणतात.

व्हिसा, पटकन

पासपोर्टवर माहेरचं नाव आणि निमंत्रणपत्रावर सासरचं, यात माझे नऊ दिवस गेले. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर, पहिल्या अर्जापासून लिहा. शेंगेनचा व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांच्या भरवशावर कुणी राहू नये. फी नव्वद युरो, शिवाय निदान तीस हजार युरोंचा प्रवास विमा. बोटांचे ठसे द्यायला मी मुंबई गाठली. महालक्ष्मीनं रात्री निघाले, काम उरकून दुसऱ्या रात्री परतीची गाडी. बँकेचं स्टेटमेंट शिक्क्याचं लागतं. प्रवासाच्या खर्चाला आयोजक काही हातभार लावतात का, हे निवड झाल्यावर लगेच विचारा. लाजून चालत नाही.

परतल्यावर

आठवड्याच्या आत प्रत्येकाला वेगळं पत्र. एकच मजकूर सगळ्यांना चिकटवला तर कळतं. पत्रात बोलण्यातली एक नेमकी गोष्ट आणि मागितलेली फाइल, बस. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण. मग थेट काहीतरी नवं घडेल तेव्हा: नवा मसुदा, नवा कलाकार, मिळालेला पैसा. सणाचे फोटो आणि सुप्रभात पाठवू नका. आपल्याकडच्या एकानं एका फ्रेंच बाईंना रोज सकाळी जोतिबाचा फोटो पाठवला. श्रद्धा खरी होती, पण बाईंनी त्याला ब्लॉक केलं.

ज्या युरोपियन निर्मात्यासाठी मी एवढं जिवाचं रान केलं, त्यानं तीन पत्रांनंतर बोलणं थांबवलं. अजून राग येतो. उपयोगाला आली ती शेजारी बसणारी इंडोनेशियाची निर्माती, जिला मी सुरुवातीला फारसं विचारलंच नव्हतं, कारण तिच्याकडं कुठं पैसे आहेत? तिनं आपल्या आधीच्या सिनेमाची पूर्ण फायनान्स शीट मला दिली. कुणी किती टक्के घेतलं, विक्री करणाऱ्या एजंटनं खर्च कसा वळता केला, निर्मात्याच्या हातात शेवटी काय उरलं, सगळं. असा कागद कुठल्याच वर्गात वाटत नाहीत. आणि तिनंच मला फ्रान्समधल्या लियाँच्या एका छोट्या कंपनीतल्या बाईंचं नाव दिलं. त्यांच्याशी आता चौदा महिने बोलणं चालू आहे. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की त्यांचा साउंडवाला आठ दिवस येणार आहे, नुसता आवाज टिपायला. त्याला झोपायला कुठं द्यायचं यावर घरात चर्चा सुरू आहे. आईचं म्हणणं, तांबडा रस्सा सोसंल का त्याला?

म्हणून खोलीतल्या दहांपैकी युरोपचे पाचच हेरून बसू नका. व्हिएतनामच्या माणसाबरोबर जेवा. कझाकस्तानच्या माणसाला त्याच्या फंडाबद्दल विचारा. पाच वर्षांनी एखाद्या ज्युरीत तोच बसलेला असेल.

नकाराचं राहिलंच. दोन्ही वेळा मी उत्तरात ‘कारण कळवाल का’ असं लिहिलं. एकदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा चार ओळी आल्या: गोष्ट आवडली, पण निर्माती कोण आहे हे कळलं नाही. अर्जात मी दिग्दर्शकाबद्दल दोन पानं लिहिली होती आणि स्वतःबद्दल सहा ओळी. नऊ वर्षं ताटं आणि डिझेल मोजलेलं लिहायची मला लाज वाटली होती. तिसऱ्या अर्जात ते पहिल्या ओळीत लिहिलं. दोनशे माणसांचं युनिट, पावसात बंद पडलेलं शूटिंग, तरी एकाही दिवसाचे पैसे थकवले नाहीत.

चित्रनगरीतल्या ज्या पोरानं फोन केला होता, त्यानं परवा परत केला. त्याची गोष्ट त्याच्या आजोबांच्या डायरीवरून आहे आणि आजोबांना सहा मुलं. या वेळी पार्टीचं नाव काढलं नाही. म्हणाला, ‘मॅडम, पाच जणांच्या सह्या झाल्या. सहावी आत्या आजऱ्याला असती. तिथं रविवारी नोटरी मिळंल काय?’